कोलोनचं पाणी : एका हलक्या सुगंधाची तीनशे वर्षं

ऱ्हाइन नदीकाठच्या कोलोन शहरात नगरभवनापासून हाकेच्या अंतरावर एक रिकामी जागा होती. पूर्वी तिथे निकोलाउस ग्युलिश नावाच्या व्यापाऱ्याचं घर होतं. नगरसभेतल्या लाचखोरीविरुद्ध त्यानं बंड उभारलं, काही काळ शहराची सूत्रंही हाती घेतली, आणि १६८६ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. घर पाडण्यात आलं. या जागेवर पुन्हा कोणी काही बांधू नये, असा हुकूम निघाला आणि तिथे एक धिक्कारस्तंभ रोवला गेला. तेवीस वर्षांनी, १३ जुलै १७०९ रोजी, योहान बाप्टिस्ट फारिना या इटालियन व्यापाऱ्यानं याच शहरात आपल्या पेढीची पहिली हिशेबवही उघडली. पुढे ही पेढी त्या उजाड जागेच्या समोर आली आणि ‘युलिश चौकासमोर’, म्हणजे ग्युलिशच्याच चौकासमोर, हे शब्द तिच्या नावातच जाऊन बसले. ते आजही तिथे आहेत. कोर्टकज्ज्यांमध्ये याच शब्दांनी पुढे पेढीची ओळख राखली, म्हणून सुरुवात त्या चौकापासून केली.

फारिना घराणं मूळचं आल्प्सच्या कुशीतल्या व्हिजेत्सो खोऱ्यातलं, सांता मारिया माज्जोरे या गावचं. खोरं सुंदर, पण पोट भरण्यापुरतं पीक नाही. त्यामुळे तिथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या उत्तरेकडे व्यापाराला जात. कोलोनमध्ये फारिना बंधूंनी जो माल ठेवला त्याला तिथले लोक ‘फ्रेंच सामान’ म्हणत. रेशीम, लेस, तपकीर असा हा श्रीमंती चोजांचा माल होता. सुगंधी पाणी हा त्यातला एक जिन्नस होता, आणि तोही सुरुवातीला किरकोळ.

धाकटा भाऊ योहान मारिया याचा जन्म १६८५ चा. नाकाचा तो विलक्षण तयार होता. १७०८ मध्ये त्यानं भावाला एक पत्र पाठवलं. डोंगरातले नार्सिसस, पाऊस पडून गेल्यावरची संत्र्याची फुलं, इटलीतली वसंतातली सकाळ, या सगळ्याची आठवण देणारा एक वास आपल्या हाती लागला आहे, असं त्यानं त्यात कळवलं होतं. काही वर्षांनी तो स्वतः कोलोनच्या पेढीत आला. ज्या शहरानं आपल्याला आसरा दिला, त्याचंच नाव त्यानं या पाण्याला दिलं. नाव ठेवलं ते मात्र फ्रेंचमध्ये, कारण युरोपातल्या दरबारांची भाषा फ्रेंच होती. ‘ओ द कोलोन’, म्हणजे कोलोनचं पाणी.

या पाण्यात नवं काय होतं, ते त्या काळच्या वासांची कल्पना केल्याशिवाय कळत नाही. तेव्हाचे किमती सुगंध जड होते. कस्तुरी, व्हेल माशाच्या पोटातून येणारा अंबर, जवादी मांजराचा स्राव, अशा प्राणिज द्रव्यांवर त्यांची मदार होती. गरम पाण्यानं अंगाची रंध्रं उघडतात आणि त्यातून रोग शिरतो, ही भीती अजून पुरती गेली नव्हती. त्यामुळे अंघोळी कमी होत, आणि अंगाचा वास दुसऱ्या दणकट वासाखाली दाबून टाकायची रीत होती. फारिनाचं पाणी कशालाच दाबत नव्हतं. ते शिंपडलं की क्षणभर गार वाटे, लिंबाच्या सालीचा तरतरीत वास येई, मागून रोझमेरीचा हिरवा कडवटपणा आणि लॅव्हेंडरची स्वच्छता जाणवे, आणि तासा-दोन तासांत सगळं विरून जाई. म्हणून ते रोज वापरता येई. सकाळी तोंड धुताना, दुपारी रुमालावर, प्रवासातून आल्यावर मानेवर. एखाद्या समारंभाची वाट पाहावी लागत नव्हती.

त्यासाठी दोन गोष्टी जमून यायला हव्या होत्या. पहिली म्हणजे शुद्ध मद्यार्क. गाळीव दारूला स्वतःचा उग्र दर्प असेल, तर त्यात नाजूक लिंबूवर्गीय वास टिकूच शकत नाही. फारिनानं द्राक्षांपासूनचा उत्तम मद्यार्क वापरला. आपल्याकडच्या अत्तराशी ताडून पाहिलं तर फरक चटकन कळेल. कनौजचा कारागीर गुलाबाचा किंवा केवड्याचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवतो. तेल वासाला धरून ठेवतं, म्हणून अत्तराचा फाया दिवसभर दरवळतो. मद्यार्क उलट वासाला उडवून लावतो. कोलोनचा सगळा जीव त्या उडण्यात आहे.

दुसरी गोष्ट होती सातत्य, आणि माझ्या मते फारिनाचं खरं मोठेपण तिथे आहे. बर्गमॉट, लिंबू, संत्रं यांच्या सालींतलं तेल दर वर्षी सारखं निघत नाही. पाऊस कमी-जास्त झाला, फळ आठवडाभर आधी तोडलं, की वास बदलतो. योहान मारिया वेगवेगळ्या बागांची, वेगवेगळ्या हंगामांची तेलं एकमेकांत अशी मिसळी की यंदाची बाटली गेल्या वर्षीच्या बाटलीसारखीच वास देई. ताडून पाहता यावं म्हणून जुन्या मालाचे नमुने पेढीत जपून ठेवले जात. सुगंधाची एक ठरावीक, न बदलणारी ओळख असावी, ही अपेक्षा आज आपण कुठलीही बाटली विकत घेताना गृहीत धरतो. अठराव्या शतकाच्या आरंभी ती फार मोठी गोष्ट होती.

यातल्या बर्गमॉटविषयी थोडं थांबून सांगायला हवं. हे फळ मुख्यतः इटलीच्या अगदी दक्षिण टोकाला, कालाब्रियाच्या किनारपट्टीवर पिकतं. दिसायला लिंबू-संत्र्याच्या मधलं, रस आंबट-कडू, खायला फारसं कोणी घेत नाही. मोल आहे ते सालीला. जुन्या पद्धतीत कामगार साल स्पंजवर दाबून पिळत, तेल स्पंजात उतरे, मग स्पंज भांड्यात पिळून घेत. एका माणसाच्या दिवसभराच्या श्रमातून हाती थोडंसंच तेल पडे. कडू नारिंगाच्या झाडाचं वेगळंच कौतुक. त्याच्या फुलांचं ऊर्ध्वपातन केलं की मिळतं नेरोली, पानं आणि कोवळ्या डहाळ्यांपासून मिळतं पेतिग्रेन, आणि फळाच्या सालीतून तिसरंच तेल. एकाच झाडाचे तीन वास, आणि तिघांचंही काम कोलोनमध्ये वेगवेगळं. साल पहिली जाणवते, फूल मधे गोडवा देतं, पानं शेवटी हिरवा कोरडेपणा ठेवून जातात.

ही झाडं इटलीची म्हणून ओळखली जातात, पण त्यांचं माहेर आपल्या बाजूला आहे. लिंबूवर्गीय वनस्पतींचं मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याच्या प्रदेशात असल्याचं जनुकीय अभ्यासांतून पुढे आलं आहे. अलेक्झांडरच्या स्वारीनंतर ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञ थिओफ्रास्टस यानं महाळुंगाचं वर्णन करून ठेवलं. कडू नारिंग त्यानंतर कित्येक शतकांनी अरबांनी सिसिलीत नेलं. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या उजव्या हातात जे फळ आहे ते महाळुंगच, आणि कोलोनच्या पारंपरिक मिश्रणात बर्गमॉट-लिंबाच्या जोडीला याच महाळुंगाच्या सालीचं तेल पडतं. देवीच्या हातातल्या फळाचा वास युरोपच्या राजवाड्यांत पोचला, तो असा दोन हजार वर्षांचा प्रवास करून.

राजवाड्यांत तो पोचला हे खरंच. कोलोनचा राजपुत्र-आर्चबिशप क्लेमेन्स आउगुस्ट हा या पाण्याचा मोठा गिऱ्हाईक. पुढे व्होल्तेर, गटे यांच्यापर्यंत बाटल्या गेल्या. बाटली तेव्हा लांबोडकी, हिरव्या काचेची असे आणि पेटीत आडवी ठेवली जाई, म्हणजे बूच ओलं राहून वास आत कोंडलेला राही. १७३२ मध्ये थोरला भाऊ वारला आणि पेढी योहान मारियाच्या हाती आली. पण दूरवर हे पाणी नेलं सैनिकांनी. १७५६ ते १७६३ या सप्तवार्षिक युद्धात फ्रेंच फौजा कोलोन परिसरात तळ ठोकून होत्या. घरी परतताना त्यांनी सामानात या बाटल्या नेल्या. योहान मारिया १७६६ मध्ये वारला, तेव्हा त्याचं पाणी युरोपभर नावारूपाला आलं होतं.

अडचण ही की ते नाव त्याचं एकट्याचं राहिलं नव्हतं. शहराच्या नावावर हक्क कोण सांगणार? त्या काळी व्यापारचिन्हाचा कायदा नव्हता. शिवाय व्हिजेत्सो खोऱ्यातलाच जोव्हान्नी पाओलो फेमिनिस हाही कोलोनमध्ये ‘अद्भुत पाणी’ विकत असे. मूळ कृती त्याचीच, असा दावा पुढे अनेकांनी केला. फारिनांची कागदपत्रं शहरात जपलेली आहेत आणि ती पाहता पारडं फारिनाकडे झुकतं, असं मला वाटतं. मात्र फेमिनिसच्या नावानं चाललेला वाद अजून पुरता मिटलेला नाही.

६ ऑक्टोबर १७९४ रोजी फ्रेंच क्रांतीची फौज कोलोनमध्ये शिरली आणि शहराचं जुनं स्वतंत्रपण संपलं. ग्युलिशच्या जागेवरचा धिक्कारस्तंभ फ्रेंचांनी काढून टाकला. व्यापारी संघांची मक्तेदारी मोडली, आणि ज्याला जो धंदा करायचा त्याला तो करता येऊ लागला. फौजांच्या व्यवस्थेसाठी शहरातल्या घरांवर सलग क्रमांक घालण्यात आले. ग्लोकेनगासं, म्हणजे घंटागल्ली, तिथल्या एका घराला ४७११ हा आकडा मिळाला. घोड्यावर बसलेला फ्रेंच शिपाई भिंतीवर हा आकडा लिहितो आहे, असं चित्र पुढे जाहिरातींतून जगभर गेलं. चित्र देखणं आहे, पण प्रसंग रचलेला आहे. क्रमांक घालण्याचा निर्णय फ्रेंच येण्याच्या तोंडावर नगरसभेनंच घेतला होता. पुढे गल्लीनिहाय नवे क्रमांक आले आणि पत्ता म्हणून ४७११ ला काही अर्थ उरला नाही. आकडा जिवंत राहिला तो बाटलीवर.

नेपोलियनचं या पाण्यावरचं प्रेम प्रसिद्धच आहे. रोज सकाळी त्याचा सेवक त्याच्या पाठीवर आणि खांद्यांवर ते चोळी. स्वारीवर असताना बुटात सरकवता येईल अशी निमुळती बाटली त्याच्यासाठी बनवली जाई. पॅरिसचा अत्तरवाला शार्दँ याच्याकडून राजवाड्यात डझनांनी बाटल्या येत. १८०६ मध्ये फारिनांच्याच कुळातल्या एका तरुणानं, ज्याँ मारी फारिना यानं, पॅरिसच्या सँतोनोरे रस्त्यावर दुकान काढलं. ते १८६२ मध्ये रोझे आणि गाले यांच्या हातात गेलं, आणि ती कंपनी त्याच्या नावाचं कोलोन आजही विकते. सेंट हेलेनाच्या कैदेत बाटल्या संपल्या, तेव्हा लुई एत्येन सँ-दनी या सेवकानं, ज्याला सगळे अली म्हणत, हाताशी असलेल्या जिनसांतून सम्राटासाठी कोलोन बनवलं. त्याची कृती कागदावर राहिली आणि व्हर्सायच्या सुगंध-संग्रहालयानं ती पुन्हा करून पाहिली आहे. साम्राज्य गेलं, फौज गेली, पण सकाळच्या त्या चार थेंबांवाचून त्या माणसाला चैन पडत नव्हती. कोलोन रोजच्या जगण्यात किती खोल रुजलं होतं, याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

आणि याच नेपोलियनच्या एका हुकुमानं कोलोनचं सगळं रूप पालटलं. तोवर हे पाणी पिण्याचंही होतं. बाटलीबरोबर येणाऱ्या पत्रकात डोकेदुखीपासून छातीतल्या धडधडीपर्यंत अनेक व्याधींवर ते उपयोगी असल्याचं लिहिलेलं असे. थोडे थेंब पाण्यात किंवा वाइनमध्ये टाकून प्यावे, बाकीचे कपाळाला लावावे. १८ ऑगस्ट १८१० रोजी फर्मान निघालं की गुप्त औषधांची कृती सरकारला उघड करून दिली पाहिजे. भोंदू औषधांना आळा घालण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. कोलोनवाल्यांपुढे दोनच वाटा राहिल्या. कृती सांगा, नाहीतर औषध म्हणून विकणं सोडा. त्यांनी दुसरी वाट धरली. हे औषध नाही, हे केवळ सुगंधी पाणी आहे, असं सगळ्यांनी जाहीर केलं. कृती वाचली, आणि युरोपात औषध आणि सुगंध यांच्या वाटा कायमच्या फुटल्या. आज दुकानात कोलोन सौंदर्यप्रसाधनांच्या फळीवर दिसतं, त्याचं एक मोठं कारण या हुकुमात आहे.

उरलेलं एकोणिसावं शतक नावाच्या भांडणात गेलं. घंटागल्लीतल्या विल्हेल्म म्युल्हेन्स यानं १८०३ मध्ये बॉनच्या एका फारिनाकडून नाव वापरण्याचा हक्क विकत घेतला. मूळ घराण्याशी या फारिनाचं काही नातं नव्हतं. त्या हक्काच्या जोरावर म्युल्हेन्सनं स्वतः धंदा केला आणि आणखी कितीतरी जणांना तो हक्क विकला. पाहता पाहता शहरात फारिनाच फारिना झाले. इटलीत जाऊन फारिना आडनावाचा माणूस शोधायचा, त्याला भागीदार दाखवायचं आणि बाटलीवर ते नाव छापायचं, हा एक रिवाजच पडला. न्यायालयानं एक वाट बंद केली की दुसरी निघे. खऱ्या फारिनांना व्यापारचिन्हाच्या कायद्यासाठी जर्मनीत १८७४ पर्यंत थांबावं लागलं. अखेर १८८१ मध्ये विल्हेल्मचा नातू फर्डिनांड म्युल्हेन्स याला आपल्या कारखान्याच्या नावातून फारिना काढावं लागलं. तेव्हा त्यानं जुना घरक्रमांक पुढे केला. निळ्या-सोनेरी पट्टीवरचा ४७११ हा आकडा फारिना या नावापेक्षाही जास्त लोकांना ठाऊक झाला.

म्युल्हेन्सच्या लबाडीचं समर्थन मी करणार नाही. लग्नाची भेट म्हणून एका मठातल्या साधूनं त्याला गुप्त कृती दिली, ही कंपनीनं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली गोष्टही इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. पण एक मान्य करावं लागतं. ही नक्कल झाली नसती, तर कोलोन दरबारी चीज म्हणूनच राहिलं असतं. असंख्य कारखान्यांनी ते स्वस्त केलं, उभ्या बाटल्यांत भरलं, आगबोटींवर चढवलं. त्यातूनच ते शिक्षिकेच्या, कारकुनाच्या, परिचारिकेच्या रुमालापर्यंत पोचलं. इस्तंबूल आणि इझमीरमध्ये त्याचं लिंबाच्या वासाचं ‘कोलोन्या’ झालं. पाहुणा घरात आला की त्याच्या ओंजळीत ते ओतायची चाल तुर्कस्तानात आजही आहे, आणि २०२० च्या साथीत हात निर्जंतुक करायला तिथे लोकांनी तेच वापरलं.

आपल्याकडे ते इंग्रजांच्या सामानातून आलं. साहेबांच्या बायकांच्या घेरी-डोकेदुखीच्या बाटलीतून ते डॉक्टरांच्या सल्ल्यात गेलं, आणि तिथून मराठी घरांत. मराठी माणसाला ‘कोलन वॉटर’ म्हटलं की तापाची पट्टी आठवते. वाडगाभर पाण्यात थोडं कोलन वॉटर, त्यात बुडवून पिळलेली मलमलीची घडी, ती कपाळावर, आणि दर काही मिनिटांनी ती बदलणारी आई किंवा आजी. जुन्या कथा-कादंबऱ्यांत आजारपणाचा प्रसंग आला की हा वास येतोच. टाटा ऑइल मिल्सनं आपलं यू-डी-कोलन काढल्यावर बाटली परदेशी राहिली नाही. १८१० मध्ये युरोपानं ज्याचं औषधपण काढून घेतलं, ते पाणी मराठी घरात शंभर-सव्वाशे वर्षांनंतरही औषधांच्याच कपाटात होतं. ते काम करी ते मद्यार्काच्या बळावर. मद्यार्क उडताना कातडीची उष्णता घेऊन जातो. आता डॉक्टर लहान मुलांसाठी साध्या पाण्याचीच पट्टी सांगतात, कारण मद्यार्क कातडीतून आणि श्वासातून बाळाच्या अंगात जाऊ शकतो. ते ऐकावं.

आणखी एक सावधगिरी आपल्या उन्हासाठी. बर्गमॉटच्या तेलात बर्गाप्टेन नावाचं द्रव्य असतं. ते कातडीवर असताना ऊन लागलं तर तपकिरी डाग पडतात. कोलोन लावल्यावर मानेवर ओघळांच्या आकाराचे डाग उमटल्याची नोंद डॉक्टरांनी १९१६ मध्येच केली होती. आता पुष्कळसे कारखानदार हे द्रव्य काढून टाकलेलं तेल वापरतात. तरी भर उन्हात निघताना कोलोन अंगापेक्षा रुमालावर घ्यावं, हे बरं.

दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबफेकीत कोलोन शहर उद्ध्वस्त झालं. फारिनांचं घर पडलं, घंटागल्लीतली म्युल्हेन्सची इमारतही पडली. दोन्ही पुन्हा उभ्या राहिल्या. ४७११ हे नाव त्यानंतर एका मोठ्या कंपनीकडून दुसरीकडे असं हात बदलत गेलं. फारिनांची पेढी मात्र अजून घराण्याकडेच आहे, आठव्या पिढीच्या हातात. २००३ पासून त्या घरात संग्रहालय आहे. ऱ्हाइनकाठी कधी जाणं झालं तर दोन्ही घरं पाहा, एकातून दुसऱ्यात पायी जाता येतं. मनगटावर एकीकडे फारिना आणि दुसरीकडे ४७११ लावा, आणि निकाल तिथल्या तिथे द्या. दोन्ही वास तासाभरात उडून जातील, त्याआधी.